एका सोसायटीचे ११४६ कागद आणि बॅच फाइलमधील लूप : एक प्रकरण अभ्यास

ठाण्याच्या पाचपाखाडी भागातील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेने पुनर्विकासाचा विषय हाती घेतला, तेव्हा पहिली अडचण विकासकाची नव्हे, तर कपाटाची निघाली. तीन विंग, ८० सदनिका आणि चार दशकांचे कागद. करारनामे, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, वारस नोंदी, ना-हरकत पत्रे हे सारे सुतळीने बांधलेल्या फायलींत पडून होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९ (अ) खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे पुढची प्रक्रिया करायची, तर कोणत्या सभासदाचे कोणते कागद संस्थेकडे आहेत हे आधी कळायला हवे, असे समितीने ठरवले आणि सगळे कागद स्टेशनजवळच्या एका दुकानात स्कॅनिंगला दिले. पंधरा दिवसांनी दुकानदाराने एक पेन ड्राइव्ह परत दिला. त्यात ए, बी आणि सी असे तीन फोल्डर होते. ए मध्ये ४१२, बी मध्ये ३९६ आणि सी मध्ये ३३८, अशा एकूण ११४६ पीडीएफ फाइली होत्या आणि प्रत्येक फोल्डरमध्ये क्रमांक पुन्हा ००१ पासून सुरू झाले होते. खजिनदार ताईंनी एक्सेलमध्ये केलेल्या यादीत मात्र क्रमांक तिन्ही विंग मिळून सलग होते. फाइली त्या यादीनुसार सदनिकावार फोल्डरमध्ये लावायच्या होत्या.

मी त्याच इमारतीत राहतो आणि नोकरीसाठी रोज ऐरोलीला जातो. आयटीवाला म्हणून हे काम माझ्याकडे येणार हे उघडच होते. संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर विंडोज १० होते. पॉवरशेल या विंडोजमधील नव्या आज्ञाभाषेने हे काम अधिक सुबकपणे झाले असते, हे मान्य. परंतु घरगुती विंडोजवर पॉवरशेलच्या स्क्रिप्ट चालवण्यास मुळातच मनाई असते, ती उठवावी लागते, आणि सचिव काकांची अट अशी की, "उद्या तू इथे नसलास, तर मला ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता आली पाहिजे." म्हणून बॅच फाइल, म्हणजे आज्ञा ओळीओळीने लिहिलेली साधी मजकुराची फाइल, निवडली. त्या निवडीमुळे जे घडले ते येथे क्रमाने नोंदवले आहे. बहुतेक चुका माझ्याच आहेत, काही माझ्या भाच्याच्या.

आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि अंकांत टंकाव्या लागतात.

पहिला शनिवार

तिन्ही फोल्डर एकत्र करायचे, तर एकाच नावाच्या तीन-तीन फाइली एकमेकींवर पडतील, म्हणून प्रत्येक नावापुढे विंगचे अक्षर लावावे असे मी ठरवले. पेन ड्राइव्हवरील मूळ फाइलींना हात न लावता त्यांची प्रत संगणकावर घेतली आणि ए विंगच्या फोल्डरमध्ये ही ओळ बॅच फाइलमध्ये लिहिली :

फॉर %%जी इन (*.पीडीएफ) डू रेन "%%जी" "ए_%%जी"

फॉर ही लूपची, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची, आज्ञा आहे आणि रेन ही नाव बदलण्याची. कंसात बसणारी प्रत्येक फाइल एकेक करून %%जी या अक्षरात येते आणि डू नंतरची आज्ञा तिच्यावर चालते. बॅच फाइलमध्ये टक्क्याची चिन्हे दोन लागतात, थेट कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टंकताना एकच. काकांनी ही ओळ वहीत उतरवून नंतर खिडकीत जशीच्या तशी टंकली आणि "हे चिन्ह इथे अनपेक्षित आहे" असा संदेश मिळाल्यावर मला फोन केला, एवढ्यापुरताच हा फरक त्या दिवशी महत्त्वाचा ठरला. जी हेच अक्षर निवडण्यालाही कारण आहे. पूर्ण मार्ग, नाव, विस्तार (नावामागचे ".पीडीएफ"), आकार अशा गोष्टी काढून घेण्यासाठी एफ, एन, एक्स, झेड ही अक्षरे फॉरने स्वतःच्या सोयीसाठी वापरली आहेत. त्यांतलेच अक्षर व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारे नाव, म्हणून घेतले, तर चालते खरे, पण वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

प्रत्यक्ष नावे बदलण्यापूर्वी रंगीत तालीम म्हणून रेनच्या आधी इको लिहून ओळ चालवली. इको फक्त छापते, करत काही नाही. पडद्यावर ४१२ ओळी आल्या आणि सगळ्या बिनचूक होत्या. इको काढून ओळ पुन्हा चालवली. फोल्डर उघडून पाहतो तर काही फाइलींची नावे "ए_ए_००१" अशी झाली होती आणि काहींना तर उपसर्ग तीनदा लागला होता.

तालीम निर्दोष आणि प्रयोग फसलेला, असे का व्हावे? साधा फॉर फोल्डरमधील फाइलींची यादी आधी पूर्ण तयार करून घेत नाही. तो विंडोजला "पुढची फाइल कोणती?" असे विचारत विचारत पुढे जातो. एनटीएफएस ही डिस्करचना फोल्डरमधील नावे अक्षरक्रमाने लावून ठेवते. "००१" चे "ए_००१" झाले की ते नाव आकड्यांच्या मागे, म्हणजे लूप जिथे अजून पोहोचायचा आहे तिथे जाऊन बसते. लूप पुढे सरकत तिथे येतो, त्याला ही फाइल नवीच वाटते आणि तो तिला पुन्हा उपसर्ग लावतो. लग्नाच्या पंगतीत जेवून उठलेला माणूस पुन्हा टोकाला जाऊन बसला, तर वाढप्याने त्याला ओळखावे कसे? तालमीत हे दिसणे शक्यच नव्हते, कारण इकोने कोणालाही जागेवरून उठवले नव्हते. कित्येक वर्षे मी इकोच्या तालमीवर डोळे झाकून भरवसा ठेवत आलो होतो, त्यामुळे हा धडा मला जरा उशिराच मिळाला.

बिघडलेला फोल्डर पुसला, पेन ड्राइव्हवरून नवी प्रत घेतली आणि ओळ अशी बदलली :

फॉर /एफ "डेलिम्स=" %%जी इन ('डिर /बी /ए-डी *.पीडीएफ') डू रेन "%%जी" "ए_%%जी"

येथे लूप डिस्ककडे पाहतच नाही. एकेरी अवतरणातील डिर ही फाइलींची यादी छापणारी आज्ञा आधी संपूर्ण चालते, तिने छापलेल्या सगळ्या ओळी गोळा होतात आणि त्यानंतरच लूप पहिल्या ओळीला हात घालतो. पंगत बसण्याआधीच पानांची मोजदाद झालेली असते. डेलिम्सपुढे काहीच न लिहिण्याचे कारण असे की, फॉर /एफ एरवी प्रत्येक ओळ जागा किंवा टॅब दिसेल तिथे तोडतो आणि फक्त पहिला तुकडा हाती देतो, त्यामुळे मोकळी जागा असलेल्या फाइलनावाचे शेपूट गळून पडते. या ओळीने तिन्ही फोल्डर व्यवस्थित झाले. पुढे प्रत्येक फाइल नव्या क्रमांकाने वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवायची असल्यामुळे उपसर्गाचा हा टप्पा मुळातच अनावश्यक होता, हे मला सोमवारी सकाळी ठाणे–वाशी लोकलमध्ये उमगले.

दुसरा शनिवार : बेरीज

ताईंच्या यादीत बी विंगचा पहिला कागद ४१३ वा होता, कारण ए विंग ४१२ वर संपते. तेव्हा बी विंगच्या प्रत्येक क्रमांकात ४१२ मिळवायचे आणि सी विंगच्या क्रमांकात ८०८. नाव तोडून क्रमांक काढायचा, बेरीज करायची आणि "सर्व" नावाच्या फोल्डरमध्ये नव्या क्रमांकाने प्रत ठेवायची. भाचा बारावीची परीक्षा संपवून मोकळा होता. त्याने बी साठी हे लिहिले :

फॉर /एफ "डेलिम्स=" %%जी इन ('डिर /बी /ए-डी *.पीडीएफ') डू (
फॉर /एफ "टोकन्स=२ डेलिम्स=_ " %%एच इन ("%%~एनजी") डू (
सेट /ए एन=%%एच+४१२
कॉपी "%%जी" "..\सर्व\%एन%.पीडीएफ"
)
)

आतला फॉर नावाचे अधोरेषा आणि जागा यांवर तुकडे करतो आणि दुसरा तुकडा %%एच मध्ये देतो. "बी_००१" मधून "००१" हाती येते. सेट /ए बेरीज करून उत्तर एन मध्ये ठेवते. डेलिम्समध्ये जागा द्यायची असेल, तर ती अवतरण बंद होण्यापूर्वी सर्वांत शेवटी द्यावी लागते, हे त्याने कुठूनतरी वाचून बरोबर लिहिले होते. स्क्रिप्ट चालली. पडद्यावर "१ फाइल कॉपी झाली" हे वाक्य ३९६ वेळा उमटले. "सर्व" फोल्डरमध्ये एकच फाइल होती आणि तिला नाव नव्हते, नुसताच विस्तार होता.

त्याने तीच खिडकी चालू ठेवून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या वेळी "८०८.पीडीएफ" नावाची एक फाइल तयार झाली. "मामा, आता नाव तरी आलं," असे तो आनंदाने म्हणाला, पण त्या नावाने मला अधिकच काळजी वाटू लागली.

कमांड प्रोसेसर, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा विंडोजचा प्रोग्राम, कंसात घातलेला मजकूर ओळीओळीने वाचत नाही. उघडणाऱ्या कंसापासून बंद होणाऱ्या कंसापर्यंतचा सगळा गठ्ठा तो एकदम वाचतो आणि वाचतानाच %एन% च्या जागी त्या क्षणी असलेली किंमत भरून टाकतो. त्या क्षणी लूपची एकही फेरी झालेली नसते. पहिल्या वेळी एन ला किंमतच नव्हती, म्हणून रिकामी जागा भरली गेली आणि ३९६ फाइली एकाच निनावी फाइलवर एकीमागून एक पडल्या. बॅच फाइलमधून चालणारी कॉपी आधीची फाइल पुसताना विचारत नाही. दुसऱ्या वेळी पहिल्या खेपेतील शेवटची किंमत, म्हणजे ३९६ अधिक ४१२ असे ८०८, खिडकीच्या स्मरणात उरली होती, तीच गठ्ठ्यात भरली गेली. दोन्ही वेळा सेट /ए आपले काम प्रत्येक फेरीत चोख करत होती. तिचे उत्तर वाचणारे मात्र कोणी नव्हते.

यावरचा उपाय विंडोज २००० पासून उपलब्ध आहे. आरंभी सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन लिहायचे आणि टक्क्यांऐवजी उद्गारचिन्हे वापरायची. !एन! ची किंमत गठ्ठा वाचताना भरली जात नाही, ती आज्ञा चालण्याच्या वेळी पाहिली जाते. बदल केला, "सर्व" फोल्डर रिकामा केला, खिडकी बंद करून नवी उघडली आणि स्क्रिप्ट चालवली. फाइली तयार झाल्या, ४१३ पासून ८०८ पर्यंत नावे दिसू लागली आणि भाचा चहा आणायला गेला.

या ठिकाणी आम्ही थांबलो असतो. ओळी भराभर वर सरकत असताना मध्येच काहीतरी वेगळे चमकल्याचा भास झाला म्हणून मी फाइलींची संख्या पाहिली, ती ३६० होती. कोणत्या नाहीत हे पाहण्यासाठी मोजणीचा लूप वापरला :

फॉर /एल %%आय इन (४१३,१,८०८) डू इफ नॉट एक्झिस्ट "सर्व\%%आय.पीडीएफ" इको %%आय

फॉर /एल ला फाइलींशी काही देणेघेणे नसते. आरंभ, पाऊल आणि अखेर हे तीन आकडे दिले की तो मोजत जातो. त्याने ४७६ ते ५११ असे सलग ३६ आकडे छापले. मधलाच एक सलग पट्टा नाहीसा झाला होता. मी ४२० क्रमांकाची फाइल उघडली. तिथे बी विंगचा आठवा कागद असायला हवा होता, पण निघाला दहावा.

दहा आणि आठ ही जोडी पाहिल्यावर उलगडा झाला. सेट /ए ला शून्याने सुरू होणारा आकडा दिसला, की ती तो दशमान पद्धतीचा न मानता अष्टमान पद्धतीचा मानते. अष्टमानात ०१० म्हणजे आठ. आणि अष्टमानात ८ व ९ हे अंकच नसल्यामुळे ००८, ००९, ०१८ असे आकडे तिला मान्यच नसतात. अशा वेळी ती अंक अवैध असल्याचा संदेश देते, ज्यात अष्टमानाचे उदाहरण म्हणून ०२१ हा आकडाही दिलेला असतो, आणि एन ची जुनी किंमत आहे तशी ठेवते. पडद्यावर चमकले ते हेच. त्यामुळे ००८ आणि ००९ हे दोन्ही कागद ००७ च्या फाइलवर जाऊन पडले, ०१० हा ४२० झाला, ०११ हा ४२१, आणि ०७७ पासून पुढे ०९९ पर्यंतचे सगळे कागद ४७५ या एकाच नावावर साचले. १०० पासून पुढचे आकडे शून्याने सुरू होत नसल्यामुळे ते अगदी बरोबर जागी गेले, आणि म्हणूनच शेवटची फाइल ८०८ पाहून सारे ठीक वाटले.

ही मोजदाद मी मुद्दाम कागदावर केली. पहिल्या ९९ कागदांपैकी केवळ ७ बरोबर क्रमांकावर गेले, त्यांतही ००७ नंतर पुसला गेला. ३६ कागदांनी आरडाओरडा करून चूक सांगितली. उरलेले ५६ मात्र निमूटपणे दुसऱ्याच्या क्रमांकावर जाऊन बसले होते. संदेश देणाऱ्या ३६ मुळे संख्या कमी पडली आणि चौकशी झाली. त्या ५६ ची नावे कोणत्याही संदेशात नव्हती, आणि तशीच ती पुढे गेली असती, तर एका सभासदाचे शेअर सर्टिफिकेट शेजाऱ्याच्या फोल्डरमध्ये सापडले असते. पुनर्विकासाच्या वातावरणात त्यावरून काय काय बोलले गेले असते, ते आमची सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

उपाय लहान आहे. आकड्यापुढे १ लावायचा आणि १००० वजा करायचे : सेट /ए एन=१%%एच-१०००+४१२. ००८ चे १००८ होते, आकडा शून्याने सुरू होत नाही, वजाबाकीनंतर निव्वळ ८ उरतात आणि बेरीज ४२० येते. क्रमांक सर्वत्र तीन अंकी असतील तरच हे चालते, ही अट स्क्रिप्टमध्ये शेरा म्हणून लिहून ठेवली. बी विंगच्या ३९६ फाइली पूर्ण झाल्या आणि फॉर /एल ने काहीही छापले नाही.

काकांचे "अर्जंट!"

सी विंगसाठी तीच स्क्रिप्ट, फक्त ४१२ च्या जागी ८०८. सवयीने इकोची तालीम केली आणि या वेळी ती कामाला आली, कारण तीन ओळींत क्रमांकापुढे नुसती प्रश्नचिन्हे छापली गेली. चौकशीअंती कळले की मधल्या आठवड्यात काकांनी सी फोल्डरमधील कागद चाळून, वकिलांना लगेच दाखवायच्या तीन फाइलींच्या नावाच्या शेवटी "अर्जंट!" असे मराठीत लिहून ठेवले होते. त्यांच्या बाजूने हे अगदी योग्यच होते. "अरे, मग आमच्या लक्षात कसं राहणार?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

डिरची यादी लूपपर्यंत पोहोचते ती खिडकीच्या वर्णसंचातून गाळून. या संगणकावर सीएचसीपी ही वर्णसंच दाखवणारी आणि बदलणारी आज्ञा ४३७ दाखवत होती. त्या जुन्या संचात देवनागरी अक्षरेच नाहीत, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. साध्या फॉरला ही अडचण येत नाही, कारण तो नावे थेट डिस्कवरून घेतो. थोडक्यात, सरकत्या यादीपासून वाचण्यासाठी ज्या फॉर /एफ चा आश्रय घेतला, त्यानेच मराठी नावे गाळून टाकली. प्रश्नचिन्हे केवळ दिसायला वाईट असतात असेही नाही. विंडोजमध्ये फाइलनावातील प्रश्नचिन्ह म्हणजे "येथे कोणतेही एक अक्षर चालेल". त्या साच्यात एकाहून अधिक फाइली बसल्या असत्या, तर कॉपीने त्या एकामागे एक जोडून एकच फाइल बनवली असती, आणि तीही विनातक्रार. उपाय म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीएचसीपी ६५००१ लिहिले, म्हणजे खिडकी यूटीएफ-८ या देवनागरीसह सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीवर आली. स्क्रिप्टही यूटीएफ-८ मध्ये, पण आरंभीच्या अदृश्य खुणेशिवाय जतन केली. ती खूण राहिली तर पहिलीच आज्ञा कमांड प्रोसेसरला ओळखता येत नाही.

तालमीत "अर्जंट" आता नीट वाचता येऊ लागले. स्क्रिप्ट चालवली आणि ३३८ ऐवजी ३३५ फाइली झाल्या. तेच तीन कागद पुन्हा नव्हते. तालमीच्या ओळी परत नीट पाहिल्यावर लक्षात आले की शब्द आला होता, पण त्यापुढचे उद्गारचिन्ह गायब होते. उद्गारचिन्हांत व्हेरिएबल लिहिण्याची सोय आपण एकदा चालू केली, की %%जी मधून आलेल्या नावातले उद्गारचिन्हही कमांड प्रोसेसर व्हेरिएबलची खूण समजतो, त्याची जोडी शोधतो, जोडी न मिळाल्यास ते चिन्ह टाकून देतो. मग "सी_०५७ अर्जंट.पीडीएफ" अशी फाइल कुठून सापडणार?

प्रचलित उपाय असा सांगितला जातो की, ही सोय लूपच्या आत दर फेरीत चालू करून दर फेरीत बंद करावी. तो चालतो, परंतु बंद करायला विसरले तर ३२ फेऱ्यांनंतर स्क्रिप्ट अडते, आणि आतल्या टप्प्यात बदललेली किंमत बाहेर टिकत नाही. काकांना हे नोटपॅडमध्ये वाचून समजले नसते, आणि खरे सांगायचे तर सहा महिन्यांनी मलाही समजले नसते. म्हणून व्हेरिएबलच काढून टाकले :

फॉर /एफ %%आय इन ('सेट /ए १%%एच-१०००+८०८') डू कॉपी "%%जी" "..\सर्व\%%आय.पीडीएफ"

सेट /ए अशा रीतीने चालवली, की बेरीज करून उत्तर छापते आणि तो छापलेला आकडा लूप %%आय मध्ये घेतो. लूपची स्वतःची अक्षरे दर फेरीत नव्याने भरली जातात, त्यांना उद्गारचिन्हांच्या सोयीची गरजच नसते. प्रत्येक फाइलसाठी एक नवा कमांड प्रोसेसर उघडून बंद होतो, त्यामुळे हे संथ आहे. पण ३३८ फाइलींसाठी तेवढा वेळ भाच्याचा चहा गार होण्याइतकाही नव्हता. ए आणि बी विंगसाठीही शेवटी हीच ओळ ठेवली.

यादीकडून फाइलीकडे

शेवटचा टप्पा सदनिकावार मांडणीचा. येथवर प्रत्येक लूप फोल्डरमधील फाइलींवरून फिरत होता आणि प्रत्येक चूक या ना त्या रूपाने तिथेच जन्मली होती. फाइल कोणत्या क्षणी दिसते, कोणत्या अक्षरांत दिसते, तिच्या नावात काय दडले आहे, यावर आपला ताबा नव्हता. म्हणून लूपची दिशा बदलली. ताईंची यादी एकेक ओळ वाचायची आणि त्या क्रमांकाची फाइल आहे का, एवढेच डिस्कला विचारायचे :

फॉर /एफ "यूजबॅकक्यू स्किप=१ टोकन्स=१-५ डेलिम्स=," %%ए इन ("यादी.सीएसव्ही") डू (
इफ एक्झिस्ट "सर्व\%%ए.पीडीएफ" (
इफ नॉट एक्झिस्ट "सदनिका\%%बी-%%सी\" एमडी "सदनिका\%%बी-%%सी"
कॉपी "सर्व\%%ए.पीडीएफ" "सदनिका\%%बी-%%सी\%%ई-%%ए.पीडीएफ"
) एल्स (
>>"नाहीत.टीएक्सटी" इको %%ए
)
)

क्रमांक, विंग, सदनिका, हस्तांतरणाचे वर्ष, कागदाचे नाव आणि शेरा, असे यादीचे सहा रकाने होते. पहिले पाच तुकडे ए पासून ई पर्यंतच्या अक्षरांत आपोआप येतात. कागदाच्या नावापुढे क्रमांक जोडला, कारण एकाच सदनिकेचे दोन करारनामे असणे सामान्य आहे. स्किप=१ मुळे मथळ्याची ओळ वगळली जाते, आणि एक्सेलने यूटीएफ-८ मध्ये जतन करताना फाइलीच्या आरंभी घातलेली अदृश्य खूणही तिच्याबरोबरच जाते.

तालमीत ए-३०२ च्या फोल्डरखाली "मूळ प्रत सचिवांकडे" नावाचा कागद दिसला. तो कागद नव्हता, शेरा होता. ती सदनिका कधी विकलीच गेली नसल्यामुळे हस्तांतरणाच्या वर्षाचा रकाना रिकामा होता आणि दोन स्वल्पविराम लागून आले होते. फॉर /एफ लागोपाठचे कितीही स्वल्पविराम एकच समजतो. रिकामा रकाना त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो, म्हणून पुढचे सगळे रकाने एकेक घर डावीकडे सरकतात. स्क्रिप्टमध्येच दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीतरी भरता येते, पण त्यासाठी पुन्हा उद्गारचिन्हांच्या वाटेला जावे लागले असते. ताईंनी एक्सेलमध्ये सगळे रिकामे रकाने एकदम निवडून "नाही" असे भरले आणि काही शेऱ्यांमधील स्वल्पविराम काढले, कारण फॉर /एफ ला अवतरणातला स्वल्पविरामही वेगळा ओळखता येत नाही. दहा मिनिटांचे काम होते. जिथे आकडे आणि शब्द नीट करता येतात तिथेच ते नीट करावेत, स्क्रिप्टवर तो भार टाकू नये, असे माझे मत या प्रकरणानंतर पक्के झाले आहे.

अखेरच्या खेपेत ११४४ ओळींच्या ११४४ फाइली जागेवर गेल्या आणि न सापडलेले क्रमांक नोंदवणारी "नाहीत" ही फाइल तयारच झाली नाही. जोडाच्या जागी चूक सर्वाधिक संभवते म्हणून ४१२, ४१३, ८०८ आणि ८०९ या फाइली ताईंनी यादीसमोर ठेवून उघडून पाहिल्या, शिवाय पहिल्या ९९ च्या पट्ट्यातील प्रत्येक कागद मी बी विंगच्या मूळ फायलीशी ताडून पाहिला. "सर्व" मध्ये ११४५ आणि ११४६ या दोन फाइली उरल्या. पहिली कोरी होती. दुसरी नौपाड्यातील दुसऱ्याच एका सोसायटीच्या पाणीपट्टीची पावती निघाली. काकांनी ती छापून घेतली, संगणकावरून पुसली आणि संध्याकाळी भाजीला जाताना स्कॅनिंगच्या दुकानात नेऊन दिली.